पंख्याखालची खुर्ची

काकूंची तक्रार साधी होती. "हे गाणं लावतात आणि माझ्या मांडणीवरच्या वाट्या नाचतात. आणि लावणारे म्हणतात, मला बेस ऐकूच येत नाही!"

काका बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते, हातात रिमोट. ते म्हणाले, "नाहीच येत. दुकानात असा दणका देत होता, इथं आणल्यावर मेला."

'घर' या विषयावर लिहायचं ठरलं, तेव्हा अंगण, माजघर, देवघर यांवर लिहिणारे पुष्कळ असतील म्हणून मी म्हटलं, आपण घराच्या आवाजावर लिहू. आणि एकलहऱ्याचं हे घर आठवलं. मित्राचे वडील म्हणून मी यांना काका म्हणतो. नाशिकरोड स्टेशनकडून सिन्नर फाट्याला आलं की एकलहऱ्याचा रस्ता लागतो, आणि चिमण्या दिसायला लागल्या की पत्ता विचारावा लागत नाही. काकांनी औष्णिक विद्युत केंद्रात उभी नोकरी काढली, निवृत्तीनंतर कॉलनीतलं क्वार्टर सोडून जवळच घर बांधलं आणि ग्रॅच्युइटीतून उरलेल्या पैशांत आयुष्यभराची हौस पुरवली: पाच स्पीकर आणि एक सबवूफर.

नवरा म्हणतो बेस नाही, बायको म्हणते बेसने घर हलतं. गंमत अशी की दोघंही खरं बोलत होते.

तीन हजार फेरे

या कोड्याचं उत्तर अनुनादात होतं, आणि काकांना अनुनाद समजावून सांगायची मला गरज पडली नाही. उलट त्यांनीच मला सांगितला. या केंद्रातले १४० मेगावॉटचे पहिले दोन संच १९७०च्या सुमाराचे, ते आता बंद झालेत. १९७९ ते १९८१ या काळात आलेले २१० मेगावॉटचे तीन संच म्हणजे काकांचं खरं आयुष्य. टर्बाइन मिनिटाला तीन हजार फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला पन्नास, आणि तीच आपल्या घरातल्या विजेची पन्नास हर्ट्झ वारंवारिता.

"थंड मशीन तीन हजारावर न्यायचं म्हणजे एकदम नाही नेता येत," काका सांगत होते. "मधे थांबायचं, तापू द्यायचं, परत चढवायचं. पण वाटेत क्रिटिकल स्पीड लागतो. त्या वेगाला रोटरचा स्वतःचा थरथरायचा वेग आणि फिरायचा वेग एक होतो. व्हायब्रेशनचा काटा चढायला लागतो. तिथं होल्ड करायचं नाही. झटकन पुढे काढायचं. पुढे गेलं की मशीन आपोआप शांत."

मी म्हटलं, "काका, तुमच्या या खोलीलाही क्रिटिकल स्पीड आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ट्रेनी इंजिनिअर काहीतरी भलतंच बोलला.

पण आहे. झोपाळा घ्या. कडीच्या झोपाळ्याची एक स्वतःची लय असते. त्या लयीत पाय मारला तर लहान मूलही मोठ्या माणसाला उंच नेतं, लय चुकली तर दमछाक होते आणि झोपाळा जागचा हलत नाही. खोलीतली हवा तसाच झोपाळा आहे. स्पीकरने हवा दाबली, दाबाची लाट समोरच्या भिंतीवर आपटून परत आली, मागच्या भिंतीवर आपटून पुन्हा निघाली. ती निघते त्याच क्षणी स्पीकरने पुढचा दाब दिला, तर लाटेवर लाट चढते. त्या एका सुराला खोली उचलून धरते, आणि स्पीकर थांबला तरी खोली लगेच थांबत नाही. तबल्याचा 'धा' संपला तरी मागे काहीतरी धुमसत राहतं ते हेच. फरक एवढाच, की टर्बाइनला क्रिटिकल स्पीड ओलांडून पुढे काढता येतं. संगीताला काढता येत नाही. गाणं त्या सुरावरून शंभरदा जातं.

५६५ भागिले फूट

हिशोब पाचवीतल्या मुलाला जमेल असा आहे. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. भिंतीपासून भिंतीपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे अंतर दुप्पट. म्हणून ५६५ला दोन भिंतींमधल्या फुटांनी भागा, त्या लांबीचा पहिला घुमणारा सूर हर्ट्झमध्ये मिळतो. त्याची दुप्पट, तिप्पट केली की पुढचे सूर.

काकांची खोली अकरा बाय अकरा. टेप लावून मोजली, अर्ध्या इंचाचा फरक. ५६५ भागिले ११, म्हणजे ५१ हर्ट्झ. लांबीचे ५१ आणि रुंदीचेही ५१. छत दहा फुटांवर, त्याचे साडेछप्पन.

"म्हणजे पन्नास हर्ट्झ!" काका खुर्चीतून उठलेच. तीस-पस्तीस वर्षं ज्या आकड्यावर नजर ठेवली, तो निवृत्तीनंतर घराच्या भिंतींत येऊन बसला होता.

आपल्याकडे चौरस खोली शुभ मानतात, गवंड्याला आखायला सोपी जाते, आणि प्लॉटही तशीच मागणी करतो. पण ध्वनीच्या दृष्टीने ती वाईट. लांबी-रुंदी सारखी असली की दोन वेगळ्या जागी वाटले गेले असते ते दोन सूर एकाच जागी येऊन बसतात. छतही जवळपास तेवढंच असलं तर तिसरा गडी सामील. बेस गिटारच्या खालच्या सप्तकातले जी शार्प आणि ए हे दोन सूर ५२ आणि ५५ हर्ट्झचे. वाजवणारा डझनभर सूर वाजवतो. काकांच्या खोलीच्या कडेला बसलेल्याला हे दोन अंगावर येतात आणि बाकीचे कुजबुजतात. याच खोलीला तिरप्या वाटेने, चारही भिंतींवर आपटत जाणारा आणखी एक सूर मिळतो, ७३ हर्ट्झच्या आसपासचा. पांढरी दोनमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज जवळजवळ तिथेच येतो. आता तो खर्ज मूळ ध्वनिमुद्रणात किती होता आणि अकरा बाय अकराने किती वाढवला, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

हे फक्त लहान खोलीचं दुखणं आहे. नाट्यगृहात, मोठ्या सभागृहात असे सूर इतके दाटीवाटीने पडतात की वेगळे ऐकू येत नाहीत; तिथला प्रश्न आवाज किती वेळ रेंगाळतो हा. तो हिशोब हार्वर्डच्या वॉलेस सॅबिनने १८९५पासून घातला, शेजारच्या थिएटरमधल्या गाद्या रात्री व्याख्यानगृहात उचलून आणून, पहाटेपूर्वी परत नेऊन. दिवाणखान्यात मात्र साधारण दोनशे-अडीचशे हर्ट्झच्या खाली प्रत्येक सूर आपापल्या खुंटीवर टांगलेला असतो. कुठे सगळं, कुठे काहीच नाही.

आणखी एक घोटाळा इथेच मोडून टाकतो. नव्या रिकाम्या घरात बोललं की 'घुमतं' म्हणतो, टाळी वाजवली की टर्रर्र असा आवाज येतो. तो वरच्या सुरांचा खेळ आहे. पडदे, गालिचा, सोफा, पुस्तकांचं कपाट आलं की तो जातो. खालच्या सुरांचं घुमणं त्याने जात नाही. ५१ हर्ट्झची लाट बावीस फूट लांबीची आहे; पडदा तिच्यासाठी नसल्यासारखाच.

खडूचा तुकडा

फोनवर सूर काढणारं एक फुकट ॲप घेतलं, वायर सबवूफरला जोडली, ५१ हर्ट्झ लावलं. दुसऱ्या फोनवर डेसिबल मोजणारं ॲप. फोनचा माइक इतक्या खाली खरा आकडा सांगत नाही, पण इथे आणि तिथे यांतला फरक बऱ्यापैकी सांगतो. काकांच्या नातवाला जमिनीवर खुणा करायला खडू दिला.

सोफा भिंतीला टेकलेला. तिथे काटा ८४. काकूंच्या स्वयंपाकघराच्या दाराशी ८२, आणि आतून वाट्यांची किणकिण. टीव्हीमागच्या कोपऱ्यात, जिथे सबवूफर ठेवला होता, तिथे कान भरून आले. दोन्ही भिंती आणि जमीन यांचा दाब तिथे एकत्र होतो. मग फोन धरून खोलीच्या मध्याकडे चालू लागलो. ७८, ७३, ६९. पंख्याखाली आलो आणि ६४. नुसत्या कानाला तर आवाज बंद झाल्यासारखाच वाटला. एक पाऊल पुढे टाकलं, परत आला.

नातू ओरडला, "आजोबा, तुमची खुर्ची!"

काकांची आरामखुर्ची बरोबर तिथे होती. का, हे एका क्षणात सगळ्यांना कळलं. खोलीत पंखा एकच, तो स्लॅबच्या बरोबर मध्यावर. एप्रिल-मेमध्ये नाशिक आता पूर्वीचं राहिलेलं नाही. घरातला मोठा माणूस पंख्याखाली बसणार, म्हणजे खोलीच्या केंद्रबिंदूवर बसणार. आणि पहिल्या घुमणाऱ्या सुराचा दाब दोन्ही भिंतींशी कमाल असतो, बरोबर मध्यावर शून्य. काकांनी बेस ऐकू येत नाही म्हणून सबवूफरचं बटण वाढवत नेलं, आणि ते वाढवलेलं सगळं जाऊन बसलं भिंतींशी, कोपऱ्यांत, सोफ्यावरच्या पाहुण्यांच्या छातीत आणि काकूंच्या मांडणीवर.

दुकानदाराला मी दोष देत नाही. दुकान मोठं, समोरून उघडं, माल ठासून भरलेला. तिथला दणका खराच होता. नाशिक ढोलाचंही तसंच आहे: मैदानावर त्याला भिंतीच नसतात, म्हणून पथकात पन्नास ढोल लागतात, पावसाळ्यात सराव एखाद्या बंद शेडमध्ये घेतला तर दहांतच डोकं धरायची वेळ येते.

न्हाणीघरातले गायक

घुमणं वाईट असतं असं मुळीच नाही. चार फुटी न्हाणीघराला ५६५ भागिले ४ लावा: १४१ हर्ट्झ. काळी एकवर गाणाऱ्या पुरुषाचा मधला सा १३८च्या आसपास. तांब्या हातात घेतलेला प्रत्येक पुरुष तिथे गवई होतो तो काही उगाच नाही, फरशीच्या चार भिंती त्याचा षड्ज उचलून धरतात. पांडवलेण्यांत भिक्खूंसाठी कोरलेल्या लहान खोल्यांपैकी एकीत उभं राहून तोंड मिटून गुणगुणा, सूर हळूहळू खाली-वर करा. एका ठिकाणी आवाज तुमच्या गळ्यातून न येता दगडातून यायला लागतो.

आणि तानपुऱ्याचा भोपळा? मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं, २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं कसब आहे ते. तारेला भोपळ्याशिवाय आवाज नाही. पण कारागीर भोपळा निवडतो, पारखतो, त्याचा आकार बघतो. आपली खोलीही भोपळाच आहे, फक्त ती आपण प्लॉटच्या मापाने निवडलेली असते, आणि त्यात दुसऱ्याच्या भोपळ्यातला आवाज वाजवतो.

अंड्यांचे ट्रे आणि इतर समजुती

आता उपायांकडे. काकांनी आधीच एक करून पाहिला होता. कुणीतरी सांगितलं म्हणून मागच्या भिंतीला अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवले होते, वर काकूंनी चादर लावलेली. त्यांचा बेसवर परिणाम शून्य. पातळ फोमच्या खवल्याखवल्यांच्या काळ्या पट्ट्या मिळतात, त्यांचंही तेच. भिंतीला चिकटलेली वस्तू लाट शोषायला लाटेच्या चौथ्या हिश्शाच्या जवळपास जाडीची असेल तर तिची पूर्ण ताकद लागते. ५१ हर्ट्झचा चौथा हिस्सा साडेपाच फूट होतो. दोन इंची फोमने वरचे सूर तेवढे मरतात, खोली आणखी ढब्बू वाटायला लागते.

विदेशी पुस्तकांतला सल्लाही जपून घ्यावा. तिकडच्या पुष्कळ घरांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या जिप्समच्या पाट्या असतात. बेसच्या दाबाने त्या किंचित लवतात, थोडी ऊर्जा खातात, थोडी बाहेर सोडतात. आपल्याकडे वीट, प्लास्टर, वर काँक्रीटचा स्लॅब, खाली फरशी. काकांचं घर तर राखेच्या विटांचं. आयुष्यभर जो कोळसा जाळला, त्याच्या राखेच्या भिंती. त्या बेसला इंचभर हलत नाहीत, सगळा आत परत लोटतात. म्हणून तिकडे चालतं तेवढ्यावर इथे भागत नाही. दार उघडं ठेवणं हा मात्र आपला फुकटचा उपाय: उघड्या दारातून बेस निघून जातो आणि खोलीचा सूर ढिला पडतो. अर्थात तो स्वयंपाकघराकडे जाणारं दार नसावं.

खरा शोषक लागतो तो जाड, तंतुमय, आणि कोपऱ्यात. कारण तिन्ही दिशांचे सूर कोपऱ्यात येऊन मिळतात. रॉकवूलच्या चार ते सहा इंची पाट्या, कोपऱ्यावर तिरप्या, मागे पोकळी ठेवून, जमिनीपासून छतापर्यंत. रॉकवूल म्हटल्यावर काका हसले. "अरे, लॅगिंग!" बॉयलरच्या आणि वाफेच्या पाइपांवर उष्णता धरायला जे गुंडाळतात त्याच जातीची वस्तू. ते फार दाबून केलेलं असतं. इथे हलकं चालतं, जाडी महत्त्वाची. हातमोजे आणि मास्क घालून काम करावं, वर सुती कापड घट्ट शिवावं, नाहीतर त्याची कुसळं घरभर खाजवत राहतात. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ५१ हर्ट्झला असे कोपरेसुद्धा थोडाच लगाम घालतात; त्यांची खरी मदत शंभर हर्ट्झच्या आसपास आणि वर होते, जिथे डग्ग्याचा गोंगाट असतो.

मडक्याचा एक जुना मार्गही आहे. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकलं की ती एकाच सुरात हुंकारते. तोच सूर खोलीतून ती शोषूही शकते. युरोपातल्या जुन्या चर्चच्या भिंतींत अशी मडकी पुरलेली सापडतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात त्याचं गणित मांडलं. पण ५१ हर्ट्झपर्यंत उतरायचं तर रांजणाएवढं पोट हवं, तेही एक नाही, अनेक. काकूंनी ते ऐकण्याआधीच मान हलवली.

इक्वलायझरचं लोकांना फार आकर्षण. फुगलेला सूर तो कापू शकतो, आणि चांगला पॅरामेट्रिक इक्वलायझर नेमका ५१वर लावला तर भिंतीशी बसणाऱ्याचा जीव वाचतो. पण जिथे खड्डा आहे तिथे तो भर घालू शकत नाही. पंख्याखाली सूर दुप्पट जोराने सोडा, परत आलेली लाट त्याला दुप्पट जोराने खाते. अॅम्प्लिफायर तापतो, वाट्या नाचतात, खुर्चीत शांतता.

ज्यांचं घर अजून कागदावर आहे त्यांना मात्र एक फुकटचं सुख आहे. दहा फूट उंचीच्या छताखाली खोली साधारण साडेअकरा बाय चौदा आखा. तिन्ही मापं एकमेकांच्या पटीत येत नाहीत, सूर पसरून पडतात. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या चौरस खोलीपेक्षा विटा फारशा जास्त लागत नाहीत.

वळकट्या

काकूंनी मधेच एक आठवण काढली. क्वार्टरमध्ये टेपरेकॉर्डर होता, लहानसा, पण गाणं "गोड वाजायचं". मी ते गतकाळाचं कौतुक म्हणून सोडून देणार होतो. मग विचारलं, त्या खोलीत काय काय होतं? लोखंडी पलंग, त्याच्याखाली ट्रंका, आणि कोपऱ्यात गाद्यांची उतरंड. सकाळी उठल्यावर सगळ्यांच्या वळकट्या तिथे रचायच्या, वर गोधड्यांच्या घड्या, वर चादर. चार-पाच फूट उंच, दोन-अडीच फूट खोल, पिंजलेल्या कापसाचा ढीग, आणि बरोबर कोपऱ्यात. परदेशात बेस ट्रॅप म्हणून पैसे मोजून घेतात तो आमच्या आया रोज सकाळी फुकट रचत होत्या. लहान टेपरेकॉर्डरला खालचा बेसच नव्हता हेही खरं. पण काकूंच्या कानाला मी आता खोटं म्हणणार नाही.

माळ्यावरून चार जुन्या गाद्या निघाल्या. दोन कोपऱ्यांत दोन-दोन, उभ्या गुंडाळून, वर काकूंनी शिवलेल्या खोळी. पाहुण्यांना लोड वाटतात.

आजोबांऐवजी नातू

सबवूफर कुठे ठेवायचा हे शोधायची एक युक्ती आहे. आवाजाला येणं-जाणं सारखंच असतं, म्हणून ऐकणारा जिथे बसणार त्या जागी सबवूफर ठेवायचा आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचं. जिथे सगळे खालचे सूर सारखे ऐकू येतील तिथे मग सबवूफर न्यायचा. काकांचे गुडघे रांगायच्या पलीकडचे. नातवाला तीस ते शंभर हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावून दिला. तो कान जमिनीला लावून भिंतीकडेने फिरला, कोपऱ्यात 'बापरे' म्हणाला, आणि पूर्वेच्या भिंतीच्या मध्यापाशी थांबला. "इथं सगळे सारखे येतात."

तो बरोबर होता. भिंतीच्या मध्यावर ठेवलेला सबवूफर त्या भिंतीच्या लांबीचा पहिला सूर उठवूच शकत नाही. झोपाळ्याला पाटाशी ढकललं तर तो हलतो, वरच्या कडीपाशी ढकलून काय होणार? पैसे असतील तर समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर दोन सबवूफर ठेवले की आणखी चांगलं. अमेरिकेतल्या टॉड वेल्टीने २००२मध्ये याच प्रश्नावर, किती सबवूफर पुरे, असा शोधनिबंध लिहिला आहे. काकूंसमोर हे बोललो नाही.

राहिली खुर्ची. ती मध्यावर नको आणि भिंतीलाही नको. खोलीच्या लांबीच्या अडतीस टक्क्यांपासून सुरुवात करून पुढे-मागे सरकवत पाहावं असा एक ठोकताळा आहे. अकरा फुटांना सव्वाचार फूट येतात. खुर्ची पश्चिमेच्या भिंतीपासून सव्वाचार फुटांवर आणली, तबल्याची एक जुनी रेकॉर्ड लावली. काकांनी तीन वेळा डोकं पुढे-मागे केलं, कंट्रोल रूममधल्या काट्याकडे बघावं तसे डोळे बारीक केले आणि रिमोट उचलून सबवूफर तब्बल सहा घरं खाली आणला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "बंद केलं का?"

"चालू आहे," काका म्हणाले. "आत्ता चालू झालं."

दहा मिनिटांनी मात्र त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि वर पाहिलं. पंखा सव्वा फूट पुढे रिकाम्या जागेवर वारा घालत होता.

गाद्या घरच्या, खडू नातवाचा, ॲप फुकट. एकूण खर्च झाला तो भिंतीवर लावायच्या एका पंख्याचा.